रागावलो नाही, फक्त विचारतोय

यंदा येळवशीला शेतात गेलो. मार्गशीर्षातली ही अमावास्या म्हणजे आमच्या लातूर-धाराशिवकडं घराला कुलूप आणि अख्खं बिऱ्हाड वावरात. कडब्याच्या कोपीत पांडव पुजून झाले, भज्जी-आंबील अंमळ जास्तच झाली, म्हणून मी बाभळीखाली आडवा झालो. कोपीमागं लेकरांचं घर-घर खेळणं चाललेलं. माझी अकरा वर्षांची लेक त्यात बाप झाली होती. पुतण्याच्या हातून तांब्या कलंडला. तिनं कमरेवर हात ठेवला, आवाज एकदम खाली आणला.

"इकडं ये. बस. मी रागावलो नाही, फक्त विचारतोय. हे का झालं असेल, तूच सांग."

चष्मा नसताना चष्मा वर सारायची माझी लकबही तिनं सोडली नाही. पुतण्या रडायलाच लागला.

माझे वडील चिंचेच्या फोकानं बोलायचे. लेक झाली तेव्हाच ठरवलं होतं, हात उचलायचा नाही, आणि उचलला नाही. पुढं कुठंतरी वाचलं की डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली पालकांचे तीन प्रकार मांडले: नुसता हुकूम सोडणारे, सगळंच चालवून घेणारे आणि शिस्त लावताना कारण सांगणारे, लेकराचंही ऐकणारे. (दुर्लक्ष करणारे, हा चौथा प्रकार नंतर दुसऱ्यांनी जोडला.) मी स्वतःला लगेच तिसऱ्यात बसवलं. कारणं तर मी सांगतोच. जरा जास्तच सांगतो, एवढंच.

नळाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लेक जेमतेम दीड वर्षाची होती. त्या उन्हाळ्यात मी रात्री-रात्री घागरी घेऊन टँकरची वाट बघितली आहे. त्यामुळं आजही नळ थेंब-थेंब गळताना दिसला की मला कळ येते, आणि लेकीला समोर बसवून ती रेल्वे पुन्हा मिरजेहून निघते. आता मी तोंड उघडायच्या आत ती पाढा म्हटल्यासारखं म्हणते, "पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर." मला वाटायचं, पोरीला पाण्याची किंमत कळली.

आई भाकरीच्या फडक्यात उरलेले उंडे बांधत होती. तिला म्हटलं, "बघ, मी असा आहे का?"

"तुझा बाप फोक मारून मोकळा व्हायचा. घटकाभरात तू पुन्हा खेळायला," मान वर न करता ती म्हणाली. "तू लेकराला तासभर बसवून ठिवतूस. तिनं चुकले म्हटलं तरी सुटका न्हाई."

बायको म्हणाली, "आरोपीला निदान वकील तरी मिळतो."

ऐकायचं हे कलम मी गाळलंच होतं की. माझ्या प्रश्नांची उत्तरं आधीच माझ्या खिशात असतात. पोरीनं तीच काढून दाखवेपर्यंत उठायचं नाही.

परतताना गाडीत लेकीला शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "मी नेमका कसा बाप आहे गं?"

तिनं थोडा विचार केला. "पप्पा, रागावलात का फक्त विचारताय?"

बायकोनं तोंड खिडकीकडं फिरवलं. तिचे खांदे हलत होते.