कडाका काढण्याआधी

चोपड्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. केळीची कापणी जोरात सुरू झाली की माझ्याकडे मजुरांची रांग लागते. २०-२५ किलोचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून बांधावरच्या गाडीपर्यंत दिवसभर फेऱ्या. कंबर किती सोसणार?

असाच एक मजूर बायकोच्या आधारानं आत आला. "कंबर भलती दुखस साहेब, एक कडाका काढी द्या." आदल्या दिवशी पायाळूची, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाची, कमरेत लाथही घेऊन झाली होती. उसण भरली की गावाकडे अजून तोच पहिला इलाज.

कडाका काढणं म्हणजे मणक्याला झटका देणं. तो उपचार मीही करतो. साध्या कंबरदुखीत त्यानं आराम पडतो. व्यायामापेक्षा फार जास्त नाही, पण पडतो. मात्र 'कट्ट' वाजलं म्हणजे मणका जागेवर बसला, असं नसतं. सांध्यातला दाब एकदम उतरतो, आतल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. हे रोज सांगतो, तरी लोकांना आवाजच हवा असतो.

पालथं झोपवून कमरेवर हात ठेवला. कळ दोन्ही पायांत उतरते म्हणाला. दोन्ही? माझा हात थांबला.

"दादा, लघवी कधी झाली?"

तो गप्प. बायको म्हणाली, "काल संध्याकाळपासून नाही. लागतच नाही म्हणतात."

ओटीपोट टम्म होतं. बसायच्या जागी कापूस फिरवला, तर त्याला कळेना.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. खाली असतो नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटासारखा. मणक्यांमधली सरकलेली गादी त्यावर दाबली गेली की लघवी-संडासचा ताबा जातो, आणि जितका उशीर तितकी तो परत येण्याची आशा कमी. लाथेनं झालं की घड उचलताना, कोण सांगणार? पण मी तिथे झटका दिला असता तर, या विचारानं मला घाम फुटला.

"पैशांचं बघून उद्या जातो," बायको म्हणाली. मी हात जोडले. "ताई, उद्या नाही. आत्ता." चिठ्ठी लिहिली, सर्जनना फोन केला, मुकादमाकडून गाडी मिळवली. तापी ओलांडून जळगावला पोचले, रात्री एमआरआय झाला आणि पहाटे ऑपरेशन.

चार महिन्यांनी तो व्यायामासाठी आला. लघवी आता आपली आपण होते. डावं पाऊल बधिर आहे. चप्पल निसटली तरी कळत नाही, म्हणून पट्ट्याची सँडल घेतली आहे.