मोठ्या कुत्र्यांसाठी घर शोधताना

गेली सहा वर्षे मी दर रविवारी पुण्याच्या वेशीवरच्या एका प्राणी निवाऱ्यात जाते. कुत्रे-मांजरे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांशी बोलणे आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन पाहणी करणे हे माझ्याकडचे काम. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘दीड-दोन महिन्यांचे पिल्लू आहे का?’’ लहानपणापासून सांभाळले तरच प्राण्याला आपला लळा लागतो, अशी त्यांची मनापासूनची समजूत असते. त्याच वेळी मागच्या खोल्यांमध्ये तीन, पाच, आठ वर्षांचे, नसबंदी व लसीकरण झालेले, माणसांत वाढलेले कुत्रे दाराच्या जाळीला नाक लावून उभे असतात आणि कोणीतरी आपल्यापाशी थांबेल म्हणून शेपटी हलवत राहतात. मला या मोठ्या कुत्र्यांविषयी लिहायचे आहे, पण पिल्लांचा विषय टाळून तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

निवाऱ्याच्या दाराशी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पिल्ले आणली जातात. आणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ‘आई कुठे दिसली नाही’ हे त्याचे म्हणणेही खरे असते. मात्र पुष्कळदा ती आई अन्नाच्या शोधात गेलेली असते, आणि दोन-तीन तास दूर उभे राहून वाट पाहिली असती तर ती परतलेली दिसली असती. आईचे दूध तुटलेली पिल्ले निवाऱ्यात येतात, तेव्हा ती नाना ठिकाणांहून आलेल्या, नाना आजार घेऊन आलेल्या प्राण्यांच्या सहवासात येतात. त्यांतला सर्वांत क्रूर आजार पार्व्हो या विषाणूचा. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले की दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाऊ शकते. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतो आणि फिनाइलने मरत नाही; त्यासाठी ब्लीचसारखे जंतुनाशक वापरावे लागते. म्हणून नव्या पिल्लांची खोली वेगळी, त्यांची भांडी, झाडू आणि तिथे जाण्याच्या चपलासुद्धा वेगळ्या, आणि चौदा दिवसांचे विलगीकरण. लस साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, तोवर पिल्लाचे संरक्षण अपुरेच असते. एका पावसाळ्यात एकाच खोक्यातून आलेल्या सात पिल्लांपैकी पाच आमच्या हातांत गेली. रात्रभर सलाइन धरून बसलेल्या मुलीला मी काय सांगून घरी पाठवले, ते मला आता आठवतही नाही. तेव्हापासून मी कोणालाही स्पष्टपणे सांगते, की आई असेल तर पिल्ले तिच्यापाशीच राहू द्या, तिला खायला घाला आणि पिल्लांचे दूध सुटले की तिच्या नसबंदीसाठी आम्हाला कळवा.

निवारा म्हणजे शहरातले सगळे मोकाट कुत्रे कायमचे ठेवण्याची जागा, असे अनेकांना वाटते. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३च्या नियमांमध्ये मुळात कल्पना वेगळी आहे : रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करायची, त्याला रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच करायची आणि जिथून उचलले तिथेच परत सोडायचे. आमच्या खोल्यांमध्ये उरतात ते परत सोडता न येणारे. अपघातात मागचे पाय गमावलेले, आंधळे, आणि मुख्य म्हणजे एकेकाळी कोणाच्या तरी घरात राहिलेले, रस्त्यावर जगण्याची सवयच नसलेले. मे महिन्याच्या सुट्टीत आणि घरे बदलण्याच्या दिवसांत अशांची संख्या वाढते. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेले वेगळेच. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. दुसरे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण आमच्या लांबलचक अर्जामागेही तेच आहे.

अर्जातले प्रश्न लोकांना खटकतात. घर भाड्याचे आहे का, घरमालकाची लेखी संमती आहे का, दिवसा घरी कोण असते, गावी जाताना प्राण्याला कोण सांभाळणार, मांजर न्यायचे असेल तर गॅलरीला जाळी आहे का. दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी यातले दोन प्रश्न विचारलेच नाहीत, कारण माणसे फार प्रेमळ होती. चार महिन्यांनी त्यांनी कुत्रा परत आणला : सोसायटीच्या बैठकीत विरोध झाला होता आणि घरमालकानेही अंग काढून घेतले होते. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. हे मी त्यांना आधीच सांगितले असते तर कदाचित ते ठाम राहिले असते. परत आल्यावर तो कुत्रा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपत होता. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी एकही प्रश्न गाळत नाही.

मैना साधारण सात वर्षांची असताना आमच्याकडे आली. तिला सांभाळणारे आजोबा वारले आणि त्यांचे घर रिकामे झाले. काळ्या रंगाची, तोंडाभोवती पांढरी झालेली, बेताच्या उंचीची गावठी कुत्री. काळ्या कुत्र्याचे छायाचित्र चांगले येत नाही, आणि चौदा महिन्यांत तिच्यासाठी एकही फोन आला नाही. मग एका रविवारी निवृत्त झालेले एक जोडपे पिल्लू पाहायला आले. मी त्यांना म्हटले, ‘‘काका, पिल्लू रात्री चार वेळा उठवेल, चपला कुरतडेल आणि पुढे केवढे होईल ते आज कोणालाच सांगता येणार नाही. हिचा आकार, हिचा स्वभाव, हिच्या सवयी सगळे तुमच्यासमोर आहे.’’ काकू काही न बोलता मैनेच्या खोलीत जाऊन खाली बसल्या. मैना उठली नाही, फक्त सरकून त्यांच्या पायाला टेकली.

नव्या घरी पहिले तीन दिवस प्राणी भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घरचे वेळापत्रक कळते आणि घर आपले वाटायला साधारण तीन महिने लागतात, असा निवाऱ्यांत काम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. मी तो काका-काकूंना लिहूनच दिला होता. पहिले दोन दिवस मैना पलंगाखालून बाहेर आली नाही आणि काकूंनी रडवेल्या आवाजात फोन केला, तेव्हा मी त्यांना एवढेच सांगितले, की तिला ओढून बाहेर काढू नका, पाण्याचे भांडे जवळ ठेवा आणि तुमची कामे करत राहा.

तीन महिन्यांनी मी पाहणीसाठी गेले. दाराची घंटा वाजवली तशी मैना आतून धावत आली आणि, जिने चौदा महिने दर रविवारी माझ्या हातून बिस्किटे खाल्ली होती ती, उंबऱ्यावर उभी राहून माझ्यावर जोरजोरात भुंकू लागली. ‘‘अगं, त्या ओळखीच्या आहेत,’’ म्हणत काकूंनी तिला बाजूला घेतले आणि मला आत बोलावले.