नाशिकच्या दहीपुलाजवळचा पंख्यांचा गाळा: आमची वाटचाल

भंगारवाला पंखा तराजूत टाकतो. त्याच्या लेखी पंखा म्हणजे इतकं तांबं, इतकं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. हातोड्याचे चार घाव घातले की स्टेटरमधून, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातून, तांबं मोकळं होतं आणि पन्नास वर्षं चाललेलं यंत्र संपतं. आमचा धंदा त्या हातोड्याच्या आधी पोहोचण्याचा. बुधवारी गोदाकाठचा बाजार, एरवी भद्रकाली, आणि 2017 मध्ये उठवला जाईपर्यंत अंबड लिंक रोडचा भंगार बाजार. जीईसी, उषा, ओरिएंट, क्रॉम्प्टन यांचे बिडाच्या बॉडीचे जुने पंखे तिथून आणायचे, उभे करायचे, विकायचे. सुरुवातीची वर्षं नीट गेली.

मग 2 ऑगस्ट 2016. गोदावरीला पूर आला आणि दहीपूल, सराफ बाजार भागात पाणी शिरलं. खालच्या दोन फळ्यांवरचा सगळा माल गाळाच्या पाण्यात गेला. पाणी ओसरलं तेव्हा हिशेब सरळ होता: सगळं वजनावर देऊन टाकलं असतं तर गाळ्याचं भाडंही निघालं नसतं.

तेव्हा उभे राहिले ते आमचे वाइंडिंगवाले, म्हणजे मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे भरणारे, मामा. पहिल्या दिवसापासून सोबत असलेले, भागीदारीचा कागद कधी न केलेले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मेन स्विच खाली ओढून त्यावर चिकटपट्टी लावली, कोणी उत्साहाच्या भरात एखादा पंखा लावून बघू नये म्हणून. भिजलेला पंखा पाण्याने मरत नाही, ओला असताना करंट दिल्याने मरतो. पुढचा क्रम त्यांचाच, आजही तोच पाळतो. पंखा पूर्ण खोलायचा. बेअरिंग आणि कंडेन्सर (मोटारीला जोर देणारा कपॅसिटर) सरळ फेकायचे, त्यांत जीव अडकवायचा नाही. स्टेटर गोड्या पाण्याने धुवायचा, कारण वाळलेला गाळ पुढच्या दमट दिवशी ओल धरतो आणि करंट बॉडीत उतरवतो. मग लाकडी पेटीत शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब लावून, वर हवा जायला भोक ठेवून, सत्तर-ऐंशी अंशांवर रात्रभर. ऑगस्टमधल्या नाशकात उन्हाची वाट बघून चालत नाही.

दर दोन तासांनी बाहेर काढून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे करंट बॉडीत झिरपतो का ते मेगओहममध्ये मोजणाऱ्या यंत्राने, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं माप घ्यायचं. आकडा जितका मोठा तितका पंखा कोरडा. इथे नवखा घाबरतो: गरम व्हायला लागल्यावर आकडा आधी खाली येतो, कारण आतली ओल सुटून पसरते. तिथे थांबायचं नाही. काही तासांनी आकडा वर चढायला लागतो आणि मग स्थिरावतो. थंड झाल्यावर एक मेगओहमच्या खाली असेल तर पुन्हा पेटीत. दोनच्या वर गेला की वार्निश पाजून परत तापवायचं. इनॅमलचा लेप असलेल्या तारेचे बहुतेक पंखे वाचले. सुती वेटोळ्याच्या तारेचे जुने डीसी पंखे मात्र पाणी धरून बसले. त्यांतले सहा मामांनी पुन्हा गुंडाळले, वेढे मोजून, त्याच गेजच्या तारेने. मजुरी दिवाळीनंतर घेतली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत पलीकडच्या एका दुकानाने बाजारभर सांगितलं की आमच्याकडचे पंखे पुरातले आहेत, हात लावला तर शॉक बसेल. त्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. पण त्यांनी केलेले पंखे आमच्या हाताखालून गेलेले आहेत, म्हणून लिहितो. वरून सोनेरी स्प्रे, आत अडीचच्या जागी चार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. पंखा दुकानात जोरात फिरतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि घरी दोन उन्हाळ्यांत वाइंडिंग तापून काळं पडतं. पाती तीन वेगवेगळ्या पंख्यांची. जुन्या पंख्याची पाती कारखान्यात वजन जुळवून दिलेली असतात. एक बदललं की पंखा डोलतो, मग ते टोकाला नाणं चिकटवून देतात. ते नाणं उडून डोक्यात बसू शकतं, याचा विचार कोण करतो?

पितळी म्हणून विकलेल्या पात्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडावर मुलामा आहे.

चुंबक खिशात असूच द्या. त्याबरोबर साधा मल्टिमीटर. बाजारात वीज नसते, म्हणून वायरीची दोन टोकं धरून ओहम बघायचे: काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय किंवा स्विच गेलाय, शून्याजवळ असेल तर वाइंडिंग जळून चिकटलंय. या टोकांपैकी एक आणि बॉडी यांच्यामध्ये मात्र काहीही दाखवता कामा नये. मग मोटारीला नाक लावा, जळक्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. टेबल फॅनचा शाफ्ट बोटाने वर-खाली हलवा. मागे-पुढे थोडा सरकला तर चालतो, ते वॉशरने भागतं. वर-खाली खेळला तर शाफ्ट ज्यात फिरतो तो गनमेटलचा बुश गेला, तो लेथवर नवा करावा लागतो. सातपूरला हे काम होतं, पण ते पैसे भाव करतानाच धरा. मान फिरत नसेल तर बहुधा गिअरबॉक्समधलं ग्रीस दगड झालेलं असतं. रॉकेलने धुऊन नवीन भरा, जोर लावून मान फिरवलीत तर दाते जातील. आणि खोबरेल तेल बुशमध्ये घालू नका! नाशिकच्या थंडीत ते गोठतं आणि पंखा सकाळी हलत नाही. स्पिंडल ऑइलचे चार थेंब, बुशजवळच्या लोकरीच्या नमद्यावर.

रेल्वेच्या डब्यातला पंखा स्वस्त दिसला तरी थांबा. तो 110 व्होल्ट डीसीचा असतो, घरच्या 230 व्होल्टवर लावायचा नसतो. शिवाय रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं हा 1966 च्या स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे, म्हणून लिलावाची पावती हवी. पावतीशिवाय आम्ही असा पंखा गाळ्यात ठेवत नाही.

त्या अफवेला उत्तर म्हणून आम्ही प्रत्येक पंख्याच्या दांड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायला लागलो: मेगरचा आकडा, मोजल्याची तारीख, कंडेन्सर किती, बुश जुना की नवा, थ्री-पिन अर्थिंग केलं की नाही. मामा आता डोळ्यांमुळे वाइंडिंग करत नाहीत, चिठ्ठीवर सही मात्र त्यांचीच असते. देवळाली कॅम्पच्या एका बंगल्यातल्या बाईंनी त्या चिठ्ठ्या वाचून चौदा पंखे आमच्याकडूनच करून घेतले आणि दर पावसाळ्यानंतर आकडे पुन्हा तपासायला बोलावतात. पलीकडच्या दुकानातून घेतलेले पंखेही लोक मोजायला आणतात. आम्ही मोजून देतो, पैसे घेत नाही, आकडा आहे तो लिहितो.

बुधवारी दुपारपर्यंत गाळा बंद असतो, आम्ही बाजारात असतो.