कोणाच्या हातचं

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये उपासनेनंतर साक्षी झाल्या, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते लोकांनी सांगितलं. पाहुण्या उपदेशकांनी विचारलं, "आपला नवा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे ज्यांना सांगता येतं त्यांनी उभं राहा." बरेच जण उभे राहिले. मी राहिले नाही. माझ्याकडे तारीख नाही. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, शाळेत असताना दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी. घरात रोज दिवेलागणीनंतर प्रार्थना असायची, आणि वाचता येण्याआधीच तेविसावं स्तोत्र पाठ होतं. यातला कुठला दिवस पहिला म्हणू?

ज्यांच्याकडे तारीख आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आमच्या नगरच्या मंडळींना तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बाप्तिस्म्याची तारीख पाठच असते, १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने हातात नवा करार ठेवला, तो वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले आणि पुढे सगळं आयुष्यच बदललं. ही गोष्ट सांगायला सोपी, ऐकायला सुंदर.

पण मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी पुन्हा वाचायला घेतलंय, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईचं मन कसकसं बदलत गेलं एवढंच पाहायला. वडिलांचं सोवळं असं, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी घाई केली नाही. आणि मग एकदा विचार करता करता बाईंना उमगलं, की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. तिथून त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी हात बदलला, मग पाणी डोक्यावर पडलं. माझ्या मते नव्या जन्माची याहून खरी खूण शोधूनही सापडायची नाही. उभं राहायला सांगितलं असतं तर त्या कोणती तारीख सांगून उभ्या राहिल्या असत्या?

आणि येशूचा प्रेषित पेत्र, त्याचं काय? यहूदी असल्यामुळे तो परक्यांच्या पंगतीला बसत नसे. त्याला यापो गावी छपरावर प्रार्थना करताना दृष्टान्त झाला. नाना प्राण्यांनी भरलेला चांदवा आकाशातून उतरला, तीनदा तेच सांगणं, देवाने शुद्ध केलेलं तू निषिद्ध मानू नकोस. तो कर्नेल्य या यहूदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेला, पाहुणचार घेतला, यरुशलेमेत त्याबद्दल जाबही दिला. इतकं होऊन अंत्युखिया शहरात यरुशलेमेतल्या याकोबाकडची माणसं आली तेव्हा हाच पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, भावांच्या पंगतीतून हळूच मागे सरला. त्याचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्यामागे वाहवला. प्रेषित पौलाला सर्वांसमोर त्याला बोलावं लागलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे, आणि ते शास्त्रात राहू दिलं याबद्दल मी देवाचे फार आभार मानते. प्रेषिताचीही घडण एका दृष्टान्तात पुरी होत नाही.

रात्री झोपण्यापूर्वी मी दिवसाची उजळणी करते. पुण्याच्या एका येशूसंघीय (जेझुइट) फादरांनी ही रीत शिकवली. आम्ही प्रॉटेस्टंट, पण संत इग्नाती लोयोलांची ही शिकवण मला मनापासून आवडली. आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा, चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी कृपा. त्यांनी तर दुपारी आणि रात्री अशी दोनदा सांगितली आहे. माझी रात्रीचीच होते.

सुरुवातीला उजळणीत काय सापडायचं? राग, आळस, प्रार्थनेत मन न लागणं. सगळं माझ्या आतलं. हल्ली मी एक प्रश्न वाढवलाय, आज मी कोणाबरोबर जेवले, कोणाकडे चहा टाळला, कोण दारातूनच परत गेलं. तो सुचला करिंथकरांस पहिल्या पत्रामुळे. येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी म्हणजे प्रभुभोजन, त्याच्या आधी अकराव्या अध्यायातलं वचन वाचतात, प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी. आम्ही मान खाली घालून आपापली पापं आठवतो. पण त्या अध्यायात पौलाला संताप आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. काही जण आधीच जेवून तृप्त होत होते आणि गरीब भाऊ उपाशी राहत होते. अध्याय संपताना तो सांगतो ते एवढंच, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. परीक्षा पंगतीची होती. ती आम्ही एकट्याची करून टाकली, आणि मंडळीला त्यातून सोडवून घेतलं.

हे आज इतकं मनात आहे त्याला घरातलं कारण आहे. भाच्याचं स्थळ बघणं चाललंय. मुलगी चांगली शिकलेली, रविवारच्या शाळेत शिकवते, तिची प्रार्थना ऐकली की मन भरून येतं. घरात सगळ्यांना पसंत. मग काल दादांनी आवाज उतरवून विचारलं, "पण ते मूळचे कोण?" आजोबा-पणजोबा एकाच मिशनच्या कंपाउंडात वाढले, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं, आणि शंभराहून जास्त वर्षांनी हा जातीचा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात बसलेला आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत हा प्रश्न नवा नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, वेदीवरून मात्र तो क्वचितच निघतो. मला याचं फार दुःख होतं. पवित्र आत्म्याची फळं आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो, प्रीती, आनंद, शांती, आणि लग्नाच्या बैठकीत शेवटचा शब्द कशाचा असतो?

दादा वाईट माणूस नाहीत. आई आजारी होती तेव्हा रात्र रात्र जागले ते दादाच. त्यांच्याशी वाद घालून काही होणार नाही, तेवढं मी त्यांना ओळखते. पेत्राला पौलाने सर्वांसमोर सांगितलं, कारण तो सर्वांसमोर मागे सरला होता. दादांनी स्वयंपाकघरात विचारलंय, तर मीही स्वयंपाकघरातच सांगेन. उद्या सकाळी, वहिनी असतानाच. आणि म्हणणार आहे, की निर्णय नंतर करा, आधी पुढच्या रविवारी आपण सगळे त्यांच्याकडे जेवायला जाऊ. मुलीच्या आईने कधीचं बोलावलंय. मी फोन करून हो म्हणते.