तुम्ही विचारलंत म्हणून: कुऱ्हाडीला ग्राइंडर का लावत नाही?

जुन्या, गंजलेल्या कुऱ्हाडी मी हातानेच दुरुस्त करतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'ग्राइंडरवर पाच मिनिटांचं काम, त्याला एवढा वेळ कशाला घालवता?' उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितो.

कुऱ्हाडीची खरी किंमत तिला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून-बुडवून धारेला आणलेल्या कडकपणात असते. रस्त्याकडेला घिसाड्याचं, म्हणजे फिरत्या लोहाराचं, पाल दिसलं तर जरा थांबून बघा. बाई घण घालते, घिसाडी सांडशीत धरलेलं पातं फिरवत राहतो. धार ठोकून झाली की पातं लालबुंद तापवून फक्त धारेकडची दोन-तीन बोटं पाण्यात बुडवतो. धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळ. मग ती कड दगडाने झटपट घासून चकचकीत करतो आणि डोळे लावून बसतो. मागच्या जाड भागातली धग धारेकडे सरकू लागते, तसे घासलेल्या पट्ट्यावर रंग चढतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. तपकिरी-जांभळा रंग धारेला पोचला रे पोचला की पातं पुन्हा पाण्यात. हा सगळा मामला साधारण 220 ते 300 अंश सेल्सिअसमधला, आणि तोही नुसत्या नजरेने साधलेला. मला या कौशल्याचा फार आदर वाटतो.

आता त्याच धारेवर ग्राइंडर फिरवा. कड पातळ, उष्णता जायला जागा नाही; बघता बघता ती निळी पडते. निळा रंग घासून काढता येईल, उतरलेलं पाणी घासून परत येत नाही. धार दिसते लखलखीत, पण बाभळीच्या गाठीवर चार घाव पडले की वळते. तुटलेला दांडा काढायला कुऱ्हाड चुलीत घालतात, तेव्हाही हेच होतं. ते मला बघवत नाही. दांडा नेढ्यालगत, म्हणजे तो बसतो त्या भोकालगत, करवतीने कापावा, आत अडकलेल्या लाकडाला गिरमिटाने भोकं पाडावीत आणि ठोकून बाहेर काढावं.

गंजाचं फार काही नाही. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून विटेच्या तुकड्याने घासलं की लाल गंज निघतो. खालचा काळा थर मी राहू देतो.

धारेसाठी कानस. पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलायची. कानस नुसतीच घसरली तर धार जास्त कडक, भराभर खाऊ लागली तर पाणी गेलेलं. जेमतेम धरत असेल तर त्या लोहाराला मनातल्या मनात नमस्कार करावा. नंतर कुरुंदाच्या दगडावर पाणी घेत गोल गोल फिरवायचं. धारेमागे थोडं पोट, म्हणजे फुगवटा, ठेवायचं, नाहीतर पातं लाकडात रुतून बसतं.

दांड्याला धामण झाडाचं लाकूड मिळालं तर दुसरं काही बघू नये. चिवट लाकूड, घावाचा हिसका स्वतः झेलतं. रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेल्या हव्यात, आणि लाकूड सावलीत पुरतं वाळलेलं. ओला दांडा आज गच्च बसेल आणि वाळला की ढिला होईल. ढिली कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची सवय घरोघरी आहे. त्याने लाकूड फुगतं, नेढ्यात चेपतं आणि सुकल्यावर आधीपेक्षा जास्त हलतं. त्यापेक्षा नवी पाचर मारा. वरून जवसाचं तेल चोळा, पण तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. ती पसरून मोकळ्या हवेत वाळवा.

आणि ग्राइंडरने आधीच निळी पडलेली कुऱ्हाड? निळेपणा कडेपुरताच असेल तर कानशीने तेवढं लोखंड मागे न्या, आत चांगली धार सापडते. खोलवर गेला असेल तर लोहाराकडून शेवटून, म्हणजे धार पुन्हा ठोकून, घ्या, तो नव्याने पाणी देईल.