तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा घरात एवढी पुस्तकं ठेवता कुठं?

घरी येणारं माणूस चपला काढता काढताच हे विचारतं. "अक्का, घर एवढंसं, पुस्तकं ठेवता कुठं ओ?" आणि चहा येईपर्यंत पुढचा प्रश्न तयार, "आता सगळं मोबाईलवर मिळतंय की, मग ठेवता कशाला?" परवा विचारलं ते गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईनं. तिच्या मुलीला वाचायचा नाद लागलाय, घरात मोठी माणसं पसारा नको म्हणतायत, आणि ती मनापासून विचारत होती. दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत काय सांगणार, म्हणून सगळं सविस्तरच लिहितेय.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुस्तकं मागच्या दिवाळीला मोजली तेव्हा अकराशेच्या थोडी वर भरली. पूर्व भाग म्हणजे विणकरांचा भाग, घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात गेलं की कन्नड. मराठी मला शाळेनं शिकवली पण माझी झाली ती पुस्तकांमुळे, कारण घरात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतंच, जे काय बोलायचं ते पुस्तकच बोलायचं.

लहानपणी घरातल्या जागेचे मानकरी ठरलेले होते. पहिला मान पाण्याचा. हौद, बॅरल, घागरी, कळश्या, कारण नळाला पाणी रोज येणार नाही हे सोलापुरात जन्माला आलेल्या पोरालाही माहीत असतं, अजूनही चार-चार पाच-पाच दिवसांआड येतंय. दुसरा मान मागाचा. पुढच्या खोलीत आजोबांचा खड्डामाग होता, म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली पावड्या, हातात धोटा. उरेल त्या जागेत आम्ही सात माणसं. आणि त्यातूनही काही उरलंच तर पुस्तकं, म्हणजे पत्र्याखालचा माळा.

माझी पहिली शंभर-सव्वाशे पुस्तकं आणि बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमवलेले दिवाळी अंक त्या माळ्यावर गेले, दोन खोकी आणि एक पत्र्याची ट्रंक. मी तेव्हा कॉलेजात. नंतर लग्न, नोकरी, तीनेक वर्षं तिकडं कुणी बघितलंच नाही. सोलापूरचा उन्हाळा माहितीय ना, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा पत्र्याखाली हात टेकवत नाही. खोकी खाली काढली तर चिकटवलेल्या पुस्तकांचा कणा तडकलेला, पुस्तक उघडलं की पानं पत्त्यांसारखी हातात. दिवाळी अंकांना कसर लागलेली, मुखपृष्ठावर जाळी जाळी, आणि एका खोक्याच्या तळाशी पावसाचं पाणी जाऊन सगळ्याचा एकच लगदा झालेला. मी त्या खोक्याशेजारी बसून रडले, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यात मला नववीत बक्षीस मिळालेलं पुस्तक होतं, आत हेडमास्तरांची सही असलेलं.

पण त्याच ट्रंकेत काही पुस्तकं धडधाकट निघाली, आणि ती का वाचली हे बापूंनी दाखवलं. बापू यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे, धाग्याचं सगळं कळायचं त्यांना. त्यांनी पुस्तक वरून आडवं धरलं आणि कण्याकडं बोट केलं, "हे बघ, हे शिवलंय, ते नुसतं चिकटवलंय." सोळा सोळा पानांचे फर्मे घडी घालून घडीतून दोरा ओवलेला असला तर गोंद वाळून गेला तरी पान सुटत नाही. नुसत्या गोंदावरच्या बांधणीत मात्र फर्म्याची घडी कापूनच टाकलेली असते, त्यामुळं प्रत्येक पान एकटं, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तो गोंद कडक होऊन तडकला की संपलं. तेव्हापासून मी नवीन पुस्तक घेताना आधी वरून कणा बघते. दुकानदार हसतात, हसू देत.

मग बापूंनी माझा शाळेतला शब्दकोश दुरुस्त केला आणि ते मी जन्मात विसरणार नाही. मैद्याची खळ शिजवली, पातळ, गाठी न होऊ देता, आणि चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे किडा लागत नाही (हे विषारी असतं, पोराबाळांपासून लांब ठेवा, भांडंही वेगळं ठेवा). खळ आमच्या घरात नवीन नव्हती, सुताला द्यायची तशीच ही. सुटे झालेले फर्मे रचून, मेण लावलेल्या दोऱ्यानं घडीघडीतून शिवले. कण्यावर खळ, त्यावर टॉवेलच्या कापडाची पट्टी, दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं जादा सोडून, मग पुठ्ठा, मग वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रभर पाट्याखाली. सकाळी पाटा उचलला तर शब्दकोश सरळ, घट्ट, आणि कण्यावर टॉवेलची बारीक निळी रेघ दिसतेय. चाळीसेक वर्षं झाली, एक पान सुटलेलं नाही.

माळ्यावरची ती खोकी बघितल्यावर मी मनाशी ठरवलं की पुस्तकांना उरलीसुरली जागा द्यायची नाही. माणसं जिथं बसतात, जातायेता जिथून हात पोचतो, तीच जागा द्यायची. कसरीला अंधार लागतो आणि कुणी हात न लावलेली जागा लागते, रोज चाळल्या जाणाऱ्या पुस्तकाला ती सहसा लागत नाही. आणि माणसाचंही तसंच की, दिसलं तर उचलतो. काचेच्या कपाटाला कुलूप लावून चावी देवघरात ठेवणारी घरं मी बघितलीत, त्या घरातली पोरं पुस्तकाला हात लावायला भितात.

आजोबा गेल्यावर काही वर्षांनी माग काढला आणि खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी. ती पुढच्या खोलीतली साडेसात फुटांची भिंत मोकळी झाली. घरात चर्चा सुरू, इथं शोकेस करू, मधे टीव्ही. मी म्हटलं पुस्तकं. आठ दिवस घरात धुसफूस झाली, आणि शेवटी अम्मानं, जिला स्वतःला मराठी वाचता येत नव्हतं, तिनं निकाल दिला की मागाच्या जागी कामाचीच वस्तू येईल. टीव्ही आतल्या खोलीत गेला. मागाचं सागवान होतं ते सुतारानं तासून रॅकचे उभे खांब केले, फळ्या पाऊण इंची प्लायच्या.

आता मापं सांगते, कारण लोक इथंच फसतात आणि पहिल्यांदा मीही फसले. पहिली फळी मी सलग चार फुटांची करून घेतली, दिसायला छान, वर्षभरात मधे झोळ. मग घरच्या काट्यावर वजन केलं. आपलं नेहमीच्या आकाराचं मराठी पुस्तक, तीनशे पानी, साधारण साडेतीनशे ग्रॅम, एका फुटात अठराच्या आसपास बसतात, म्हणजे फुटाला सहा किलोच्या वर. माझा भाचा पॉलिटेक्निकला होता, तो म्हणाला मावशी, फुटाला वजन तेवढंच असलं तरी चार फुटांची फळी अडीच फुटांच्या फळीपेक्षा सहापट जास्त वाकणार. म्हणून अडीच फुटांचे तीन खण, प्रत्येकात सात फळ्या, आणि फळीची खोली नऊ-दहा इंच, जास्त नाही. सुतार कपड्याच्या कपाटासारखी दीड फूट खोल करू म्हणतात, करू नका, मग पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग माळ्यावर गेल्यासारखीच. दोन फळ्यांत दहा इंच पुरतात, फक्त सगळ्यात खाली बारा इंच, तिथं दिवाळी अंक आणि मुलांची मोठी पुस्तकं. भरलेला एक खण शंभर किलोच्या वर जातो, त्यामुळं खांब भिंतीला ठोकूनच घ्या. पश्चिमेची भिंत मात्र टाळा, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत गरम असते, आणि कुठल्याही भिंतीपासून दोन बोटं सोडून रॅक लावा म्हणजे हवा खेळते. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवते, पोथ्यांत ठेवायचे तसे. डांबराच्या गोळ्या मला चालत नाहीत, डोकं दुखतं.

या तीन खणांत साडेनऊशे बसली. बाकीची दोन्ही दारांच्या वरच्या फळीवर. तिथं स्टूल लागतं, म्हणून तिथं फक्त परत लगेच लागणार नाहीत ती.

तुम्ही भिलारला गेलाय का, पाचगणीजवळ? २०१७ साली ते पुस्तकांचं गाव केलं, लोकांच्या राहत्या घरात, ओसरीवर पुस्तकं ठेवलीत, कुणीही जाऊन बसून वाचायचं. एका घरात मी वाचत बसले होते आणि शेजारी घरातल्या मावशी शेंगा निवडत होत्या. मला ते इतकं आवडलं की घरी आल्यावर रॅकसमोरची खुर्ची काढून सतरंजी घातली, वर आपली सोलापुरी चादर, आता गल्लीतली पोरं येऊन तिथंच पालथी पडून वाचतात.

राहिला मोबाईलचा प्रश्न. मी मोबाईलवर वाचते, बातम्या, लेख, प्रवासात तर वाचतेच. पण २००६ ला सोलापुरात साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली, इथंच १९३२ साली जन्मलेले, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात बापूंसोबत तीन दिवस फिरून घेतलेली अकरा पुस्तकं माझ्याकडं आहेत, आणि त्यातल्या एका पक्ष्यांवरच्या पुस्तकाच्या समासात बापूंनी पेन्सिलीनं त्या त्या पक्ष्याचं तेलुगू नाव लिहून ठेवलंय. काही नावांपुढं प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे त्यांना खात्री नव्हती, कुणाला तरी विचारायचं होतं. बापू आता नाहीत. त्या समासावरून बोट फिरवलं की पेन्सिल जिथं जोरात दाबली तिथला खळगा लागतो. हे मला कुठल्या फाईलीत मिळणार? शिवाय मला वाचलेलं जागेसकट आठवतं, डाव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, चहाचा डाग होता त्याच्या वर. स्क्रीनवर सगळं एकाच जागी सरकत राहतं आणि माझ्या डोक्यात थांबत नाही. तुमचं वेगळं असेल.

पुस्तकं महाग झालीत हे खरं, तीनशे पानी साडेतीनशे-चारशेच्या घरात जातं, म्हणून सगळीच विकत घेऊ नका. वाचनालयाचं सभासद व्हा, आपल्याकडं हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, आणि जे दुसऱ्यांदा वाचावंसं वाटेल तेवढंच घरी आणा. मीही दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत पंचवीस-तीस काढून देते. हात थरथरतो, पण देते, कारण नवीन येणारच असतात. उसनी दिलेली वहीत लिहून ठेवते, नाव आणि तारीख, आणि दोन महिन्यांनी स्वतः जाऊन मागते, त्यात संकोच करत नाही.

त्या नवीन बाईला सांगायचं म्हणजे, एवढं सगळं लगेच नकोच. मुलगी जिथं अभ्यासाला बसते त्याच्या शेजारी, तिच्या खांद्याच्या उंचीला, अडीच फुटांची एक फळी मारून घे, चाळीस-पंचेचाळीस पुस्तकं बसतात. घरच्यांना सांग की पसारा एका फळीपुरताच.

आमच्याकडंही परत सुतार येतोय सोमवारी. मुलाचं लग्न ठरलंय, गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, झाला की फेब्रुवारीत. होणाऱ्या सुनेनं परवा फोनवर जरा चाचरतच विचारलं, "अत्या, माझी दोन खोकी पुस्तकं आहेत, आणली तर चालेल का?" आतल्या खोलीत टीव्हीच्या बाजूला चार फूट भिंत आहे. मधे आधार घेऊन दोन दोन फुटांचे दोन खण होतील, माप घेऊन ठेवलंय.