दारूची जुनी केस आणि सिक्युरिटी क्लिअरन्स : माझा अनुभव

मी अमेरिकेचा नागरिक. आई-बाबा मूळचे साताऱ्याचे, मी वाढलो न्यू जर्सीत. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीत नोकरी ठरली, पण सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, मिळण्याच्या अटीवर. कॉलेजात असताना दारू पिऊन गाडी चालवली म्हणून पोलिसांनी मला पकडलं होतं. न्यू जर्सीत ही केस वाहतूक नियमभंगात धरतात, फौजदारीत नाही. त्यामुळे मित्र म्हणाला, "मग लिहितोस कशाला?"

लिहावंच लागतं. क्लिअरन्ससाठीच्या एसएफ-८६ या अर्जाच्या २४व्या विभागात दारूमुळे काम, नाती, पैसा यांवर काय परिणाम झाला हे विचारतात, ते गेल्या सात वर्षांपुरतं. पण २२व्या विभागात दारूशी संबंधित आरोप आयुष्यात कधीही झाला असेल तर नोंदवायचा असतो. माझी केस सात वर्षांपेक्षा जुनी होती, म्हणून २४ वाचून निर्धास्त होणारे लोक २२मध्ये कसे अडकतात ते मला नीट कळलं.

निर्णय होतो तो २०१७पासून लागू असलेल्या निकषांवर. त्यातला 'जी' हा निकष दारूचा. एकदा चूक झाली म्हणजे दार बंद, असं त्यात नाही. किती काळ लोटला, पुन्हा घडण्याची शक्यता किती, माणूस ते मान्य करतो का, पिण्याची सवय बदलली का, हे बघतात. आयुष्यभर थेंबही घेऊ नका अशी सरसकट अटही नाही. लपवाछपवी मात्र 'ई' या वेगळ्या निकषात जाते, आणि माझ्या मते मूळ केसपेक्षा तीच जास्त महागात पडते.

मी कोर्टाच्या निकालाची प्रत आणि कोर्टाने लावलेला वर्ग पूर्ण केल्याचा दाखला मिळवला. स्वतःहून एका व्यसन समुपदेशकाकडून तपासणी करून लेखी अहवालही घेतला.

सगळ्यात जड गेलं ते घरी सांगणं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण जी गोष्ट घरच्यांपासून दडवली आहे, तिच्या जोरावर कुणीही दबाव आणू शकतो, आणि तपासात नेमकं तेही बघतात. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुणाला लागलं नाही ना रे?" बाबांना तिनेच सांगितलं.

मुलाखतीत तपास अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं : त्या रात्री किती प्यायला होतात, आता किती पिता, कुणाबरोबर, घरी माहीत आहे का? शेवटच्या प्रश्नाला मी लगेच "हो" म्हणालो. साताऱ्यातल्या काका-मावश्यांबद्दलही विचारलं, पण परदेशी नातेवाइकांचा तो विभाग वेगळा.

क्लिअरन्स मिळाला. मिळाल्यावरही नोंदींची पडताळणी चालूच राहते, शिवाय नवी अटक झाली तर स्वतःहून कळवावं लागतं. आणि कुणाला हरकतींची लेखी नोटीस आलीच, तर उत्तराला साधारण २० दिवस असतात. कागद आधीच हाताशी ठेवा आणि या विषयातल्या वकिलाला लगेच गाठा.